नववीची यादी: शिकागोच्या सरकारी शाळांनी गळती कशी रोखली आणि पदवीची वाट कुठे अडली

२००६ च्या एप्रिलमध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अहवाल काढला आणि त्यातल्या एका आकड्याने शहरभर खळबळ उडवली. शिकागोच्या सरकारी शाळांत नववीत आलेल्या १०० मुलांपैकी पंचविशीपर्यंत चार वर्षांची पदवी घेणारी मुलं किती? सहा. पुढे हिशेब सुधारून तो आकडा आठ झाला. सहा काय नि आठ काय, ज्या शहराच्या बहुतेक मुलांनी 'आम्हाला कॉलेजात जायचंय' असं सांगितलं होतं, त्या शहरासाठी हा निकाल नामुष्कीचाच होता.

आज त्याच शिकागो पब्लिक स्कूल्सचं, म्हणजे सीपीएसचं, उदाहरण अमेरिकेत इतर शहरांना दिलं जातं. तिथे नेमकं काय बदललं, कशाने बदललं आणि कुठे गाडं अडलं, हे नीट पाहण्यासारखं आहे. मला या प्रकरणात रस आहे तो एका कारणाने: इथे मोठा बदल घडवला तो वर्षाच्या मध्यात शिक्षकांच्या हाती पडणाऱ्या एका साध्या यादीने. नवा अभ्यासक्रम, नवी परीक्षा, नवा प्रमुख यांचा वाटा त्यामानाने लहान.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८७ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी शिकागोच्या शाळांना देशातल्या सगळ्यात वाईट शाळा म्हटलं होतं. १९८८ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा करून प्रत्येक शाळेला पालक, शिक्षक आणि स्थानिक रहिवासी यांची निवडून आलेली समिती दिली. १९९५ मध्ये पुन्हा कायदा फिरला आणि सगळा कारभार महापौरांच्या हाती गेला. या धामधुमीत एक चांगलं काम शांतपणे झालं. १९९० मध्ये शिकागो विद्यापीठात शाळांवर संशोधन करणारा एक गट उभा राहिला आणि सीपीएसने आपली आकडेवारी त्याच्यापुढे मोकळी केली. सरकारी खातं आपली दप्तरं बाहेरच्या संशोधकांना वर्षानुवर्षं उघडी ठेवतं, ही गोष्ट कुठेही दुर्मीळच. पुढचं सगळं या एका व्यवस्थेवर उभं आहे.

शिकागोत बहुतेक प्राथमिक शाळा बालवाडीपासून आठवीपर्यंत असतात. नववीला मुलगा घराजवळची शाळा सोडतो आणि हायस्कूलमध्ये जातो. नवी इमारत, तासागणिक वेगळे शिक्षक, कधी दोन बस बदलून प्रवास, आणि चौदा वर्षांचं वय. आठवीपर्यंत नाव घेऊन हाक मारणाऱ्या बाई होत्या. इथे तो दीडशे मुलांत एक.

या नववीत नेमकं काय होतं, ते एलेन ॲलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन या दोन संशोधकांनी २००५ मध्ये मांडलं. त्यांनी एक सोपी कसोटी ठरवली. वर्षअखेर मुलाच्या खात्यात वर्षभराचे पाच विषय पास केल्याची पाच क्रेडिट जमा असावीत, आणि इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र या मुख्य विषयांत सहामाहीचा एकापेक्षा जास्त 'एफ', म्हणजे नापासाचा शेरा, नसावा. एवढं जमलं की मूल 'ऑन ट्रॅक', म्हणजे रुळावर. त्यांनी अभ्यासलेल्या तुकडीत रुळावर असलेल्या मुलांपैकी ८१ टक्के मुलं चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडली होती. रुळावरून घसरलेल्यांपैकी फक्त २२ टक्के. आठवीतल्या चाचणीचे गुण, घरची गरिबी, वंश यांतल्या कशानेही पुढचं इतकं नेमकं सांगता येत नव्हतं.

२००७ च्या पुढच्या अभ्यासात याहून मोठा धक्का होता. आठवीच्या चाचणीत वरच्या चौथ्या हिश्शात असलेली, पण नववीत एका सहामाहीत दोन आठवडे दांडी मारणारी मुलं घ्या. ती मुलं सरासरीने जास्त विषयांत नापास होत होती. तळाच्या चौथ्या हिश्शातली पण एकच आठवडा गैरहजर असलेली मुलं त्यांच्यापेक्षा बरी ठरत होती. हुशार पोरगा आहे, पुढे सावरेल, असं शिक्षकखोलीत म्हटलं जातं. आकडे सांगत होते की सावरत नाही.

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. ही कसोटी सीपीएसने २००३ च्या सुमारासच शाळांच्या मूल्यमापनात घातली होती. शाळेचा 'रुळावर' टक्का किती, ते वर्षअखेर जाहीर व्हायचं आणि कमी असला तर शाळेला बोल लागायचा. चार-पाच वर्षं हे चाललं आणि टक्का जवळपास जागचा हलला नाही. हलणार तरी कसा? जूनमध्ये कळणारा आकडा त्या वर्षाच्या मुलांना काहीच उपयोगाचा नसतो. ती नापास होऊन गेलेली असतात. मुख्याध्यापक फार तर पुढच्या वर्षी 'लक्ष द्या' म्हणून परिपत्रक काढणार.

२००७-०८ मध्ये पद्धत बदलली. तीच कसोटी, तेच शिक्षक, तीच मुलं. फरक इतकाच की मुख्य कार्यालय शाळांना नावानिशी याद्या देऊ लागलं, आणि त्याही वर्ष चालू असताना. शाळा सुरू होण्याआधी एक यादी यायची: येणाऱ्या मुलांपैकी आठवीत कोण नापास होत होतं, कोण फार गैरहजर होतं. मग वर्षभर ठरावीक काळाने दुसरी: आत्ता, या आठवड्यात, कोण कुठल्या विषयात घसरतंय. शाळांमध्ये नववीच्या शिक्षकांचे गट बसू लागले आणि शिकागो विद्यापीठातल्या मेलिसा रॉडरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं शाळांचं जाळं त्या गटांना हाताशी धरून काम शिकवू लागलं.

अशा बैठकीत होतं काय, ते जवळून पाहू. उदाहरण माझ्या मनचं आहे, पण यादीची ओळ साधारण अशीच दिसते. एक मुलगी. बीजगणित ५६, जीवशास्त्र ६३, इंग्रजी ७८, गैरहजेरी सहा दिवस. नुसतं बघितलं तर 'गणितात कच्ची' असा शेरा मारून आपण पुढे जाऊ. पण टेबलाभोवती चार शिक्षक बसलेत. गणिताचे सर म्हणतात, तिच्या चार चाचण्यांना प्रत्येकी ७० आहेत, पाचवी तिने दिलीच नाही, म्हणून शून्य. ७० चोक २८०, भागिले पाच, ५६. साठच्या खाली म्हणजे 'एफ'. इंग्रजीच्या बाई म्हणतात, माझ्या तासाला तर रोज असते. मग कोणीतरी गैरहजेरीचे दिवस तपासतं: सगळे पहिल्या तासाचे. धाकट्या भावाला शाळेत सोडून यायला तिला उशीर होतो, हे समुपदेशकाला माहीत असतं, गणिताच्या सरांना नसतं. उपाय काय? चुकलेली चाचणी गुरुवारी शाळा सुटल्यावर द्यायची, आणि सत्र बदलताना गणिताचा तास पुढे सरकवायचा. गणित कच्चं असल्याचा शेरा दहा मिनिटांत पुसला गेला. एका विषयाचं अर्धं क्रेडिट वाचलं.

यात थोर शैक्षणिक तत्त्वज्ञान नाही, आणि हेच मला आवडतं. काही शाळांनी न दिलेल्या चाचणीला सरसकट शून्य देणं बंद केलं, काहींनी शनिवारी वर्ग ठेवले, काहींनी फक्त घरी फोन करायला एक माणूस नेमला.

परिणाम मोठा होता. २००७ मध्ये नववीतली ५७ टक्के मुलं रुळावर होती. २०१३ मध्ये ८२ टक्के. वर्षाला जवळपास ७,००० जास्त मुलं. ज्या शाळांनी आधी हालचाल केली तिथे ही सुधारणा दहावी-अकरावीतही टिकली आणि मग हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. सगळ्यात जास्त फायदा कृष्णवर्णीय मुलग्यांना झाला, म्हणजे ज्यांच्याबद्दल व्यवस्थेने आशा सोडली होती त्यांना. आणि हे घडत असताना प्रमुखाच्या खुर्चीत स्थैर्य होतं म्हणावं तर तेही नाही. सीपीएसचे प्रमुख आर्न डंकन २००९ च्या सुरुवातीला ओबामांचे शिक्षणमंत्री होऊन गेले. त्यानंतर २०१७ अखेरपर्यंत हंगामी धरून सहा जण त्या खुर्चीत बसले. त्यांतल्या एका प्रमुखाला कंत्राटातल्या दलालीपायी तुरुंगवास झाला. २०१२ मध्ये शिक्षकांचा संप झाला, २०१३ मध्ये एका फटक्यात पन्नासच्या आसपास शाळा बंद झाल्या. वर एवढा गोंधळ असताना खाली नववीच्या बैठका चालू राहिल्या.

आपल्याकडच्या वाचकाला इथे नववी हा शब्द टोचल्याशिवाय राहणार नाही. महाराष्ट्रातही नववी ही गाळपाची इयत्ता आहे. आठवीपर्यंत ढकलत आणायचं आणि दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची मुलं नववीतच अडवायची, नाहीतर पालकांना बोलावून 'सतरा नंबरचा फॉर्म भरा' असा सल्ला द्यायचा, हा प्रकार कित्येक शिक्षकांनी पाहिलेला आहे. निकालाचा टक्का दहावीला मोजला जातो, म्हणून शाळा नववीत हात झटकते. शिकागोत टक्का नववीलाच मोजला आणि मुलगा शाळेतून गेला तर तो शाळेच्याच खात्यावर नापास म्हणून पडेल अशी सोय केली. मोजण्याची जागा हलली की शाळेचं वागणं हलतं.

अर्थात मोजणी आली की लबाडीही येते. पहिला संशय साहजिक होता: शिक्षक नुसते 'एफ'चे 'डी' करून मुलांना वर ढकलत असतील. २०१४ मध्ये संशोधकांनी हे तपासलं. वरच्या श्रेणीही वाढल्या होत्या आणि जास्त मुलं शाळेत टिकूनही अकरावीतल्या एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेची सरासरी घसरली नव्हती. म्हणजे सगळा खेळ गुणांच्या खिरापतीचा नव्हता. पण काही प्रमाणात तो झाला नसेल असं मी तरी म्हणणार नाही. ज्या मुख्याध्यापकाच्या डोक्यावर टक्का टांगलेला आहे, तो 'जरा बघा ना सर' असं एखाद्या शिक्षकाला म्हणणारच.

दुसरी लबाडी उघड झाली. २०१५ मध्ये डब्ल्यूबीईझेड हे रेडिओ केंद्र आणि बेटर गव्हर्नमेंट असोसिएशन ही संस्था यांनी शोधून काढलं की २५ हायस्कूलनी मिळून दोन हजारांहून जास्त मुलांची नोंद 'दुसऱ्या गावी बदली' किंवा 'घरी शिकतो' अशी केली होती. प्रत्यक्षात ती शाळा सोडून गेलेली होती. बदली झालेलं मूल गळतीत मोजलं जात नाही, एवढी ती युक्ती. सीपीएसला आपले आकडे मागे घ्यावे लागले. २०१४ चा हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचा टक्का ६९.४ वरून ६६.३ वर आला. नाचक्की झाली, पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: दुरुस्त केल्यावरही चढ कायम होता.

हायस्कूलपर्यंतची गोष्ट इथवर. कॉलेजची गोष्ट वेगळी आहे आणि ती इतकी देखणी नाही.

२००८ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या याच संशोधकांच्या गटाने कॉलेजच्या वाटेवरचे खड्डे मोजले. चार वर्षांची पदवी हवी असं म्हणणाऱ्या बारावीच्या मुलांपैकी फक्त ४१ टक्के मुलं अर्ज वगैरे सगळ्या पायऱ्या पार करून चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झाली. गुण कमी पडले म्हणून सगळी मागे राहिली असं नव्हतं. काहींनी अर्जच केला नाही. काहींना प्रवेश मिळूनही ती गेली नाहीत. सर्वांत मोठा खड्डा फाफ्सा नावाच्या अर्जाचा. सरकारी आर्थिक मदत हवी तर हा अर्ज भरावा लागतो, त्यात आईवडिलांच्या आयकराचे आकडे लागतात, आणि ज्या घरात दोघांनी रोखीने मजुरी केली आहे, किंवा एकाकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रंच नाहीत, त्या घरात हा अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसाच पडून राहतो. प्रवेश मिळालेल्या मुलांत ज्यांनी हा अर्ज पूर्ण केला ती कॉलेजात जाण्याची शक्यता न भरणाऱ्यांपेक्षा दीडपटीहून जास्त होती. म्हणजे चार वर्षं बीजगणित शिकवून शेवटी मुलगा अडतो तो उत्पन्नाच्या रकान्यात.

दुसरा खड्डा कॉलेज निवडण्याचा. आपल्या गुणांना साजेशा कॉलेजात जाणारी मुलं साधारण एक तृतीयांशच होती. बाकीची त्याहून खालच्या कॉलेजात, नाहीतर कुठेच नाही. आणि सारख्याच गुणांच्या मुलांपैकी किती जण पदवी पूर्ण करतात, यात कॉलेजागणिक जमीन-अस्मानाचा फरक होता. चांगले गुण मिळवलेली मुलगी घराजवळचं, ओळखीचं, मैत्रिणी जाताहेत ते कॉलेज धरते, आणि त्या कॉलेजात निम्मीही मुलं पदवीपर्यंत पोचत नसतात. हे तिला सांगणारं कोणी नाही. शेकडो मुलांमागे एक समुपदेशक असला की तो सांगणार तरी कोणाकोणाला?

सीपीएसने यावरही यादीचाच प्रयोग केला. कोणत्या मुलाचा फाफ्सा भरून झाला, कोणाचा अडकला, हे शाळांना नावानिशी कळू लागलं. २०२०-२१ पासून इलिनॉयमध्ये हायस्कूल पूर्ण करण्यासाठी हा अर्ज भरणं, किंवा नको असल्यास तसं लिहून देणं, सक्तीचं झालं. २०१५ पासून सिटी कॉलेजेस या शहराच्या दोन वर्षांच्या कॉलेजांत चांगल्या गुणांच्या सीपीएसच्या मुलांना 'स्टार' शिष्यवृत्तीमुळे फी माफ झाली. २०२२ मध्ये एका खासगी संस्थेने पाच हायस्कूलमधल्या मुलांना, आणि प्रत्येकाबरोबर एका पालकालाही, कॉलेजचा खर्च द्यायला सुरुवात केली. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते, कारण घरातली आई कॉलेजात जाते तेव्हा फॉर्मची भीती दोघांची एकदम जाते.

या सगळ्याचं फळ? शंभरात आठचा तो आकडा २०१४ च्या अंदाजात १४ वर गेला होता आणि पुढेही वाढत राहिला. पण यातली बहुतेक वाढ जास्त मुलं हायस्कूल पूर्ण करून कॉलेजात गेल्यामुळे आहे. कॉलेजात गेल्यावर पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण त्या काळात निम्म्याच्या आसपासच घुटमळत राहिलं. नववीत सहा दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीचं नाव यादीत येतं. तीच मुलगी कॉलेजच्या पहिल्या सत्रात सहा आठवडे गेली नाही तरी तिचं नाव कुठल्याही यादीत नसतं. सिटी कॉलेजेसमध्ये तर २०१० च्या सुमारास पदवी पूर्ण करणारे अवघे ७ टक्के होते. पुढे तो आकडा बराच सुधारला, पण सुरुवात तिथून होती.

नोकरीच्या तयारीबद्दल थोडक्यात, कारण तिथे दाखवण्यासारखं कमी आहे. २०१२ मध्ये पाच हायस्कूल तंत्रज्ञान कंपन्यांशी जोडली गेली. त्यांतली सारा गूड ही शाळा आयबीएमबरोबर, जिथे मूल हायस्कूलबरोबर दोन वर्षांची पदवीही मिळवू शकतं. काम चांगलं, पण मूठभर शाळांचं. २०१७ मध्ये महापौर रॅम इमॅन्युएल यांनी नवा नियम आणला: २०२० च्या तुकडीपासून हायस्कूलचा दाखला हवा तर पुढची योजना दाखवायची. कॉलेजचं प्रवेशपत्र, नोकरीची ऑफर, लष्करात भरती, एखाद्या धंद्याची उमेदवारी, किंवा मान्यताप्राप्त 'गॅप इयर'. गवगवा खूप झाला. मात्र सिटी कॉलेजेस कोणालाही प्रवेश देतात, त्यामुळे कुठेच न जाणाऱ्या मुलालाही त्यांचं पत्र लावून नियम पाळता येत होता. दाखला मिळाला, फाइल पूर्ण झाली, मूल मात्र होतं तिथेच. समुपदेशक वाढवल्याशिवाय कागद वाढवला की असंच होतं. मग २०२० च्या मार्चमध्ये शाळाच बंद पडल्या आणि पहिल्याच तुकडीचा प्रयोग कोविडमध्ये बुडाला.

कोविडनंतरचं चित्र गोंधळाचं आहे. हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचा टक्का विक्रमी झाला, पाच वर्षांच्या हिशेबाने ८० च्या पुढे गेला. त्याच वेळी वर्षातले दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं सुमारे ४० टक्के झाली, आणि अकरावीच्या परीक्षेत अपेक्षित पातळी गाठणारं मूल साधारण पाचातलं एक. ज्या संशोधनाने शिकवलं की हजेरीच सगळं ठरवते, त्याच शहरात हजेरी कोसळली आणि दाखले वाढले. याचा अर्थ श्रेणी सैल झाल्या, की शाळा गैरहजर मुलांना सांभाळून घ्यायला शिकल्या? मला वाटतं दोन्ही, पण पहिल्याचा वाटा जास्त. महामारीत गुणांबाबत दाखवलेली सवलत परत घेणं कोणत्याच मुख्याध्यापकाला परवडणारं नव्हतं. त्यात २०२३ च्या डिसेंबरअखेर फाफ्साचा नवा अर्ज उशिरा आणि दोषांसकट आला, आणि ज्यांच्या पालकांकडे सोशल सिक्युरिटी हा सरकारी ओळख क्रमांक नाही अशीच मुलं त्यात सर्वाधिक अडकली. शिकागोत अशी घरं थोडी नाहीत.

२०२० च्या शरद ऋतूत ज्या मुलांनी नववीचा पहिला दिवस घरातल्या लॅपटॉपसमोर काढला, ती २०२४ मध्ये बाहेर पडली. त्यांच्या नववीच्या याद्या बनल्या होत्या, पण कॅमेरा बंद ठेवून 'हजर' असलेल्या मुलाची गैरहजेरी यादीत येत नाही. त्यांच्यातल्या किती जणांनी पदवी पूर्ण केली, ते कॉलेजची नेहमीची सहा वर्षांची मुदत धरली तर २०३० मध्ये कळेल.